धरलेली जागा

कोरेगावच्या स्टँडवर औंधची एस.टी. लागली, की मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. एकदा माझा नेम असा पक्का लागला, की रुमाल थेट आधीच बसलेल्या माणसाच्या मांडीवर पडला. पांढऱ्या मिशा, पायांत फौजी बूट. मी निर्लज्जपणे आत जाऊन हक्क सांगितला.

रुमाल सीटवर ठेवून तो मुकाट उठला. माझ्याकडं तोंड ठेवूनच पावलापावलानं मागं सरकला. "बसा निवांत."

मी हसत ऐसपैस बसलो. "काय मामा, फौजेत असंच पळता?"

"व्हय. पळायचाच हुकूम हुता. चुलीवर च्या उकळता ठेवून आमी खंदक सोडला. त्ये आले, तुमच्यावानी ऐसपैस बसले, लय हसले."

"मग?"

"खाली सुरुंग आमीच पुरलेला. तवापास्नं, मी सोडल्या जागंवर कुणी हसलं की…"

त्यानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि माझ्या सीटकडं बघत राहिला. सीट अजून गरम होती. मी ताडकन उठलो, तेव्हा कुठं त्यानं हात काढले.

औंधपर्यंत आम्ही दोघंही उभे होतो. खच्चून भरलेल्या गाडीत त्या सीटवर कुणीच बसलं नाही. माझा रुमाल होता ना तिथं.