'कृपया' कुठे गेलं?

भाचीचा घरी राहिलेला डबा द्यायला तिच्या शाळेत गेले होते. वर्गावरच्या बाईंनी मला खुर्ची दिली. "बसा ना, आमचा शिष्टाचाराचा तास चाललाय." फळ्यावर रंगीत खडूने 'कृपया', 'आभारी आहे', 'माफ करा' असं लिहिलं होतं.

पाणी प्यायला गेलेली एक मुलगी दारात येऊन थांबली. चेहरा पांढराफटक, तोंडावर हात.

"बाई, मला..."

"आधी काय विचारायचं?"

"आत येऊ का, बाई?"

"हात खाली घे. आणि 'कृपया' कुठे गेलं?"

तिने हात खाली घेतला आणि 'कृपया' म्हणता म्हणता दारातच भडाभडा ओकली. मुलं नाक दाबून हसली. बाई झटकन मागे सरकल्या. ती पोर मात्र, हनुवटी तशीच बरबटलेली असताना, हात जोडून म्हणाली, "माफ करा, बाई."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि अभिमानाने माझ्याकडे बघून हसल्या.

मी तिला नळावर नेऊन तिचं तोंड धुतलं. त्या वासाचं मला काहीच वाटलं नाही. शिसारी आली ती त्या 'शाब्बास'ची. समोरच्याला काय होतंय ते आपल्याला दिसावं, म्हणून तर हे सगळे गोड शब्द असतात ना? इथे शब्द तेवढे घोटून घेतले होते, आणि बघायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

"अजून मळमळतंय का गं?" मी विचारलं.

तिने आधी वर्गाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो म्हटलं तर चालेल?"