सुरिंदरबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली ती इव्होना

काल इव्होना गेली. तिच्यासाठी किती जणी रडल्या ते ऐकलं, आणि मला परत एकदा तिचा हेवा वाटला.

हो, हेवाच. आज खोटं कशाला लिहू?

नव्वदच्या दशकाची सुरुवात. लंडनमध्ये, हाउन्सलोला एका शिवणकामाच्या युनिटमध्ये मी ओव्हरलॉक मशीनवर होते. निम्म्या बायकांना पेस्लिप, निम्म्यांना हातात कॅश, नोंद कुठेच नाही. कोणी काही विचारायचं नाही.

तिथे एक दिवस ही आली. पोलंडची. उंच, लाल हातांची, मोडकं इंग्लिश.

गावाकडे ती सरकारी कापडगिरणीत होती. राजवट बदलली, गिरणी बंद पडली. मग एका खाजगी मालकाच्या शेडमध्ये काम, कागदावर नाव नाही. तेही सुटलं तेव्हा मुलीला आईकडे ठेवून टूरिस्ट म्हणून इकडे आली आणि कॅशवाल्यांच्यात बसली.

तिला खोली हवी होती, आमची छोटीशी बॉक्सरूम रिकामी होती. मीच घरी आणली.

तिथेच चुकलं माझं!

माझ्या सासूबाईंना इंग्लिश येत नव्हतं, हिला मराठी. तरी दोघी किचनमध्ये तासन् तास बोलायच्या. ही “आई, बसा” म्हणायला शिकली आणि संपलंच. माझ्या पोळ्यांना कधी “बऱ्या झाल्यात” न म्हणणाऱ्या सासूबाई हिच्या बीटरूटच्या सूपला “काय चव आहे गं हिच्या हाताला!” म्हणायच्या.

मी सिंकशी उभी राहून भांडी जरा जोरात आपटायचे.

कामावरही तेच. सुरिंदर माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण. लंचला नेहमी माझ्या शेजारी बसायची. हळूहळू मधे इव्होना बसायला लागली.

मग तो दिवस आला.

कपड्यांना इस्त्री करायच्या स्टीम प्रेसचा सेफ्टी गार्ड कित्येक महिने तुटलेला होता. सुरिंदरचा हात आत अडकला. ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

मी धावत जाऊन 999 ला फोन केला. इव्होनाने तिचा हात नळाखाली धरला. बॉस ऑफिसमधून आला आणि सुरिंदरच्या कानाशी वाकला.

“हॉस्पिटलमध्ये सांग, घरी इस्त्री करताना भाजलं. नोकरी राहील तुझी.”

सुरिंदर होय म्हणून मान हलवायला लागली. कॅशवाली होती ना ती.

इव्होना म्हणाली, “नो.”

बॉस हसला. “तू? तुझ्याकडे पेपर्स तरी आहेत का?”

“नो पेपर्स,” ती म्हणाली. आणि आपला डावा तळवा त्याच्यासमोर धरला. मधोमध जुन्या भाजल्याची चकचकीत, ताणलेली कातडी. “माय बॉस, पोलंड. ही सेड, टेल डॉक्टर, यू आर गेस्ट इन फॅक्टरी, नॉट वर्कर. आय टेल सेम. देन नो जॉब, नो मनी, नथिंग.”

ॲम्ब्युलन्स आली तशी ती सुरिंदरबरोबर आत चढली.

माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. पेस्लिप होती. तिच्याहून दसपट चांगलं इंग्लिश होतं. मी दारात उभी होते आणि मनात एकच, हे मला का नाही सुचलं?

हॉस्पिटलमध्ये इव्होनाने सांगितलं तेच लिहिलं गेलं: कामावर भाजलं. पुढे त्याच जोरावर कामगारांना फुकट सल्ला देणाऱ्या ॲडव्हाइस सेंटरवाल्यांनी केस घेतली. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. प्रेसला गार्ड बसला, सुरिंदरला घरी बसल्या दिवसांचा पगार मिळाला, आणि हळूहळू सगळ्यांना पेस्लिपा.

इव्होनाला मात्र बॉसने दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. महिनाभर इकडेतिकडे काम शोधलं आणि मग व्हिक्टोरिया स्टेशनहून कोच पकडून ती पोलंडला घरी गेली.

सासूबाईंनी बेसनाचे लाडू बांधून दिले आणि ढसाढसा रडल्या. मी तीन महिने पुण्याला गेले होते तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, “मग इथे इस्त्री कोण करणार?”

त्यानंतर बॉसशी बोलायचं झालं की बायका मला पुढे करायच्या. मी बोलायचे, नीट बोलायचे. ओव्हरटाइम मिळवला, हीटर मिळवला. आणि प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर सुरिंदर म्हणायची, “इव्होना असती तर अजून जोरात बोलली असती.”

सांगा आता, काय करायचं अशा बाईचं?

पुढे फेसबुकवर ती सापडली. तिने स्वतःचं शिवणकामाचं वर्कशॉप काढलं होतं. दहाबारा बायका, सगळ्या रीतसर नोंदलेल्या. आजारी पडली तरी पगार. फोटोत सगळ्या तिला चिकटून उभ्या असायच्या. मी लाइक करायचे, आणि जळायचे.

काल तिच्या मुलीचा मेसेज आला. कॅन्सर. शेवटचे आठवडे वर्कशॉपमधल्या बायका आळीपाळीने उशाशी बसत होत्या.

मी सुरिंदरला फोन केला. ती रडतच राहिली. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं,

“माझ्यासाठी रडशील का गं अशी?”

ती रडता रडता थांबली. “पगली, तू अजून आहेस ना? ये इकडे. मला आज एकटीला बसवत नाहीये.”

मी गेले. दोघी बसलो. या वेळी मधे कोणी नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

नीट जा, इव्होना. तुझ्यासारखं वागायला जमलं असतं तर फार आवडलं असतं मला.