साडीचोळीवर हक्कसोड

वकिलाने मला न विचारता माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. म्हशीचा कान धरतात तसा. समोर शाल, नारळ, नवी साडी मांडलेली.

"आते, तुला नव्वदावं लागलं, म्हणून मान करतो," भाचा म्हणाला. माझ्या भावाचा मुलगा. कोपरच्या त्याच्या घरात मी बसले होते. ज्या घराने मुलीच्या हळदीलाही मला विचारलं नाही, त्या घरची गाडी सकाळी माजिवड्याला माझ्या दारात मला न्यायला आली. तेव्हाच मनात आलं, यांचं काहीतरी अडलंय. चहाला मी हात लावला नाही.

"कागद कसला?"

"काय नाय गो आते, सरकारी फॉर्म."

वकील हसला. "आजी, तुमच्या वडिलांच्या जागेच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव नुसतं 'इतर हक्क' या रकान्यात आहे. मालक हेच. ही औपचारिकता."

आमच्यात बहिणीने हक्क सोडायचाच असतो. नाहीतर माहेर तुटतं म्हणतात. बाप गेला तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने एका लुगड्यावर अंगठा दिला. मी नवऱ्याचं घर सोडून मुरबाडपर्यंत मीठ विकत हिंडत होते, म्हणून सापडले नाही. पुढे सुकी मासळी विकली. मग मानपाड्याच्या कारखान्यांना कामाला बाया पुरवल्या. तिथले साहेब तोंडाने एक सांगायचे, कागदावर दुसरं लिहायचे. म्हणून पन्नाशीत वाचायला शिकले, एका कामगार बाईच्या मुलीकडून. माहेरी कुणी कधी चौकशी केली नाही, त्यांना हे कळणार कुठून?

मी हात सोडवला. चष्मा लावला. मोठ्याने वाचलं.

"मी, निरक्षर, साडीचोळी घेऊन, राजीखुशीने माझा हक्क कायमचा सोडत आहे."

मग भाचा म्हणाला, "तुला वाचता येतं?"

"तुझा बाप शाळेत गेला तो माझ्या डोक्यावरच्या मिठावर. लहान होते मी. मिठागरात पाय फुटायचे माझे."

त्याची बायको म्हणाली, "या वयात जागा घेऊन काय करणार तुम्ही?"

"तू काय करणार आहेस? तेच."

वकिलाने खुर्ची पुढे ओढली. "आजी, चिडू नका. आकडा बोला."

आयुष्यभर मी आकडेच बोलले. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. आकडा जिभेवर आलाही होता. गिळला. मी आकडा बोलले की जागा त्यांची, हे कबूल केल्यासारखंच.

"वकीलसाहेब, मी विकायला आले नाही," म्हटलं आणि उठले. साडी तिथेच ठेवली. रिक्षा माझी मी केली.

तलाठ्याकडे अर्ज दिलाय. मालकाच्या रकान्यात माझं नाव लागेपर्यंत दर सोमवारी जाणार. म्हातारी किती दिवसांची, मूल ना बाळ, मग जागा आपलीच, असा हिशेब ते करत असतील. करू देत. काल मृत्युपत्र केलं. माझा वाटा थोरलीच्या दोन्ही मुलींना. भाच्याचं नाव त्यात कुठेच नाही.