व्याह्याच्या पेट्रोलातलं पाणी

"मिस्त्री, आता ही सोयरीक मोडली म्हणून समजा!" असं म्हणत अण्णांनी खिशातून मोबाईल काढला. मी रस्त्याकडेला उकिडवा बसलेलो, एका हातात पाना, दुसऱ्या हातावर पेट्रोल. "अहो अण्णा, थांबा जरा" म्हणालो. ऐकतंय कोण?

झालं होतं एवढंच. अण्णा आमच्या भागातले रस्त्यांचे कॉन्ट्रॅक्टर. माकणीच्या अलीकडं एका वस्तीवर त्यांनी आदल्या संध्याकाळी सिमेंटचा रस्ता ओतला होता. सकाळी त्यावर जॉइंट कापायला कटर लावलं, दोन जॉइंट झाले आणि मशीन बंद पडलं. मला लोहाऱ्याहून बोलावून घेतलं. माझं दुकान तिथं. कटर, काँक्रीट बसवायचे व्हायब्रेटर, पाण्याचे पंप, जे जे पेट्रोल पिऊन रुसतं ते माझ्या दारात येतं.

जॉइंट म्हणजे काय, तर सिमेंटचा रस्ता वाळताना आकसतो आणि तडकतो. तडकणारच, त्याला इलाज न्हाय. म्हणून आम्ही आधीच कटरच्या पात्यानं आडव्या रेघा कापून ठेवतो. मग तडा रेघेच्या पोटातून जातो, वरून कुणाला दिसत न्हाय. फक्त हे वेळेत करावं लागतं. ऊन चढलं की रस्ता तुमच्या मिस्त्रीची वाट बघत न्हाय.

तर मी कार्ब्युरेटरच्या खालचा बोल्ट सैल केला. पेट्रोल इंजिनात जायच्या आधी तिथल्या वाटीत साठतं. वाटीतनं आलं पाणी. पाणी जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच आत घुसतं. मी सरळ मनानं म्हणालो, "अण्णा, पेट्रोलात पाणी हाय."

पेट्रोल भरलं होतं विश्वनाथ मालकांच्या पंपावर. आणि मालक म्हणजे अण्णांचे होणारे व्याही! अण्णांच्या पल्लवीची सुपारी नुकतीच मालकांच्या प्रसादबरोबर फुटली होती. त्या कार्यक्रमात मालकांनी अण्णांना जो फेटा बांधला त्याचा रंग घामानं कपाळावर उतरला. पाहुणे हसले. ते अण्णांच्या पोटात तसंच होतं. आज त्याला वाट मिळाली.

"मालक, मुलीचा बाप म्हणून मला पाणी पाजता व्हय?" अण्णा फोनवर ओरडले. "आधी रंग जाणारा फेटा, आता पाणी घातलेलं पेट्रोल! लेक देऊ का न्हाय देऊ तुमच्या घरात?"

पलीकडून मालकही काही कमी न्हाईत. "तिथंच थांबा. येतो मी. माझं पेट्रोल चोख निघालं तर तुम्ही काय मोडता, मीच मोडतो!"

दोघांनी फोन ठेवला आणि पाचच मिनिटांत माझा वाजला. पल्लवी. ती धाराशिवला शाळेवर शिकवते. एवढीशी होती तेव्हापासून मला मामा म्हणते.

"मामा, प्रसादचा फोन आला होता. तिकडचे बाबा तणतणत गाडी काढून निघालेत. इकडं आमचे बाबा फोन उचलंनात. मामा, मला दुसरं घर नको. काहीबी करा, पण थांबवा त्यांना."

मला लई वाईट वाटलं. इंजिनाचं एक बरं असतं, त्याला मानपान नसतो. आणि पाणी हाय हे वाक्य माझ्याच तोंडचं.

मग मी नीट बघायला लागलो. टाकीतलं सगळं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत उतरवलं. थोडं थांबल्यावर वर पेट्रोल, खाली पाणी, असे दोन थर झाले. खालचं पाणी गढूळ, पांढरट. पावसाचं न्हाय, हापशाचं न्हाय. बोटाला घेतलं तर चिकट. टाकीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यात एक तपकिरी केस अडकला होता. केस कसला, शेंडीचा धागा तो! नारळाच्या शेंडीचा.

टाकीचं टोपण कधीच हरवलेलं. तिथं फडकं कोंबलं होतं. आणि टाकीच्या बरोबर वर मशीन उचलायचा लोखंडी हूक.

मशीन चालवणाऱ्या दाऊदभाईला विचारलं, "सकाळी नारळ कुठं फोडला?"

दाऊदभाईनं आभाळाकडं बघितलं. "अण्णा का काम है मिस्त्री, मैं क्या बोलूं?"

अण्णा नारळ फोडल्याशिवाय नवीन चप्पलसुद्धा घालत न्हाईत. शेजारी एवढा मोठा दगड सोडून त्यांनी त्या हुकावरच नारळ आपटला होता. अर्धं पाणी देवाला, अर्धं फडक्यातून टाकीला.

मी हे लगेच सांगायला पाहिजे होतं. पण अण्णा सगळ्या मजुरांपुढं मालकांचं खानदान काढत होते. म्हटलं, चालू द्या. आधी कार्ब्युरेटर धुतला, माझ्या मोटारसायकलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि दोरी ओढली. मशीन सुरू. ते पेट्रोलही मालकांच्याच पंपावरचं, पण हे मी मनातच ठेवलं. दाऊदभाई कापायला लागला.

तेवढ्यात मालक उतरले. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेट्रोल तपासायची काचेची नळी. एक व्याही रस्त्याच्या या कडेला, दुसरे त्या कडेला. मधी मी.

"तपासायचं नंतर," मी म्हणालो. "आधी ठरवा. ज्याची चूक निघंल त्यानं काय करायचं?"

"समोरच्याला फेटा बांधायचा!" अण्णा गरजले. "चारचौघांत! रंग न जाणारा!"

"आणि फेटा बांधला की भांडण मिटलं. सोयरीक मोडायची भाषा न्हाय. कबूल?"

"कबूल," मालक म्हणाले. अण्णांनीही मान हलवली. त्यांना फेटा डोक्यावर चढल्यासारखाच वाटत होता.

मी बाटलीला खालून भोक पाडलं आणि तळाचं पाणी एका वाटीत घेतलं. "आता दोघांनी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावा."

"पेट्रोल चाखू?" मालकांचे डोळे मोठे झाले.

"पुरावा हाय, मालक."

तुम्ही असलं कधी करू नका. नुसता वास पुरला असता. पण मला मोह आवरला न्हाय.

दोघांनी एकदम बोटं जिभेला लावली आणि एकदमच थुंकले. मालक म्हणाले, "अरे, हे तर गोड हाय!" मी शेंडीचा धागा अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि हुकाकडं बोट केलं. हुकाला अजून खोबऱ्याचा तुकडा चिकटलेला होता.

मालक आधी हूक बघत राहिले, मग अण्णांकडं. मग जे हसायला लागले ते खाली रस्त्याच्या कडेलाच बसले. अण्णांचा चेहरा पडला होता. पण गडी शब्दाला पक्का. खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि मालकांच्या डोक्याला बांधलं. "माझं चुकलं, व्याही," म्हणाले. मालक उठून त्यांच्या गळ्यात पडले. म्हणाले, "लेक द्या हो, नारळ तेवढे तिकडंच ठेवा."

ऊन तापायच्या आत बाकीचे जॉइंट झाले. ज्या जागी दोघं भांडत उभे होते, तिथं मात्र कटर वेळेत नेता आलं न्हाय. तिथं रस्ता आपल्या मनानं तडकलाय, नागमोडी.

पल्लवी आता प्रसादच्या घरी सुखात हाय. लग्नात दोघं व्याही एकाच सोफ्यावर बसले होते, आणि येईल त्या पाहुण्याला मला दाखवून सांगत होते, "हाच तो. यानं आम्हाला पेट्रोल पाजलं." अण्णांची मशिनं त्यानंतर उमरग्याच्या मिस्त्रीकडं जायला लागली. मालकांनीच त्यांना त्याचा नंबर दिला. तेव्हा भांडण मिटवायला हरकत न्हाय, पण भांडणारा आपलं गिऱ्हाईक असंल तर पुराव्याची चव मात्र एकट्यानंच घ्यावी.