दालियाने माफ केलं नाही

दालिया पेकरचे वडील ओन्से भागात बटणं विकत. ती व्हिया क्रेस्पोतल्या आमच्या यहुदी शाळेत आली तेव्हा बारा वर्षांची होती आणि कोणी चिडवलं तर तोंडावर काहीच बोलत नसे. पण एकेक गोष्ट लक्षात ठेवी. मी पाच वर्षं तिच्या शेजारी बसले, म्हणून सांगते.

चौथ्या वर्षी ती विद्यार्थ्यांच्या हक्क मंडळाची प्रमुख झाली. आमच्या वर्गातली मिकाएला चाकाच्या खुर्चीवर असे. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टची किल्ली फक्त शिक्षकांकडे. दालियाने अर्ज केले, मुख्याध्यापिकांना भेटली. काही झालं नाही. शेवटी ती विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाकडे, आमच्याच वर्गातल्या इव्हान रोटमनकडे गेली.

"जिना अडवू या, लिफ्टचं दारही," ती म्हणाली. "शिक्षकांनाही कळू दे, वर जाता न येणं म्हणजे काय."

"अडवा! मी तुमच्या पाठीशी आहे," इव्हान म्हणाला.

आमच्याकडच्या हिवाळ्यात, ऑगस्टमधल्या एका थंड सकाळी आम्ही सगळे पायऱ्यांवर बसलो, मिकाएला खाली लिफ्टच्या दारासमोर. 'माते' या गरम, कडसर पेयाचा पेला हातोहात फिरत होता. दुपारी मुख्याध्यापिकांनी इव्हानला बोलावलं. दार उघडंच होतं.

"मी तिला नको म्हणत होतो, बाई," तो म्हणाला. "ऐकलंच नाही तिने."

दालियाला आठवडाभर घरी बसवलं, मंडळ काढून घेतलं. पुढे पालकांनी ओरड केली आणि मिकाएलाला किल्ली मिळाली. समाजाच्या वर्तमानपत्रात फोटो आला: लिफ्टपाशी मिकाएला, तिच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा इव्हान.

दालिया परत आली ती पूर्वीसारखीच गप्प. मला वाटलं, विसरली.

मग किप्पूरचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास जवळ आला. त्याआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची, ही आमची रीत. तीनदा मागूनही नाही दिली, तर दोष माफी न देणाऱ्याच्या माथी येतो. इव्हान पहिल्यांदा मधल्या सुट्टीत आला, दुसऱ्यांदा बसथांब्यावर. तिसऱ्यांदा तो थेट बटणांच्या दुकानात गेला. दालियाने त्याला वडिलांसमोर पूर्ण बोलू दिलं.

"झालं? मग ऐक. दोष माझ्या माथी. आनंदाने घेते."

नोव्हेंबरात संघाची निवडणूक होती. दालिया त्याच्याविरुद्ध उभी राहिली. वादसभेत इव्हान अर्धा तास लिफ्टबद्दल बोलला. तिने एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तू कुठल्या पायरीवर बसला होतास?"

"मधल्या कुठल्यातरी."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पुढून मिकाएलाचा आवाज आला.

"मी जिन्याखाली होते. मला सगळ्या पायऱ्या दिसत होत्या. तू कुठेच नव्हतास."

हसण्याचा असा लोंढा उठला की मुख्याध्यापिकांनाही तो आवरेना. दालिया हसली नाही. इव्हानच्या कानांपर्यंत चढलेली लाली ती नीट पाहत होती, एखादी चव जिभेवर घोळवावी तशी.

ती मोठ्या फरकाने जिंकली. अध्यक्ष होताच तिने कोर्दोबाला होणाऱ्या विद्यार्थी संमेलनाला जाणाऱ्यांतून इव्हानचं नाव कापलं. वादविवाद मंडळातूनही काढलं. मुलं त्याला बघून "पायरी!" ओरडायची, दालिया त्यांना थांबवत नसे.

एक दिवस मिकाएलाने तिला गाठलं. "पुरे कर आता. माझ्या नावावर नको."

"तुझ्या नावावर नाहीच करत," दालिया म्हणाली. "आठवडाभर घरात मी बसले होते. आई रडत होती, माझी."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा इव्हानचं बाक रिकामं होतं. त्याने शाळा बदलली होती. त्या दिवशी दालियाने अख्ख्या वर्गाला सारण भरलेल्या बिस्किटांचे आल्फाहोर वाटले, चांगले, चॉकलेटचे. बहुतेकांनी खाल्ले. मिकाएलाने आपला तिच्या बाकावर परत ठेवला.

दालियाने क्षणभर त्या आल्फाहोरकडे बघितलं. मग कागद सोलला आणि शेवटच्या कणापर्यंत, सावकाश, तो स्वतःच खाल्ला.