सुन्न होईपर्यंत

यूसुफचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खामगावात पेशंट तपासत होते. "अब्बा सकाळी गेले, मॅडम," एवढंच त्यांची मुलगी बोलली... त्याला आता महिना होत आला.

चाचा ड्रेसर होते, जखमा धुऊन मलमपट्टी करायचे. संग्रामपूर तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा तिथे काम करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. सुन्न करायच्या औषधाची बाटली ते आधी मुठीत धरून बसायचे. विचारलं तर म्हणाले, "थंडी दवा जास्त चावते, मॅडम."

सोंगणीच्या दिवसांत एक बाई विळ्याने तळहात चिरून आली. बाहेर रांग लागलेली. मी जखमेच्या कडेने इंजेक्शन दिलं आणि लगेच पहिला टाका घातला. बाईच्या तोंडून हूं की चूं नाही. दुसऱ्या टाक्यासाठी सुई उचलली, तोच चाचा म्हणाले, "थांबा मॅडम." मग तिच्याकडे वळले. "दुखते काय, माय?"

"नाई."

"खरं सांग."

तिचे डोळे भरून आले. "दुखते न... पण डॉक्टरीनबाईले काऊन थांबवू? भाहेर लोकं बसले."

मी सुई ठेवली. खरं सांगायचं तर राग आला होता, तोही चाचांचाच. ते तिला ज्वारी कशी आहे ते विचारत बसले. काही मिनिटांनी मी सुईचं टोक जखमेच्या कडेला टेकवून पाहिलं. "आता ओढल्यावानी वाटते. दुखत नाई," ती म्हणाली. उरलेले टाके शांतपणे झाले.

रांग संपल्यावर मी चाचांना म्हटलं, "पेशंटसमोर का बोललात?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण गरीब मानूस दुखते म्हनत नाई, मॅडम. त्याले दोनदा इचारा लागते."

गेल्या आठवड्यात वडनेर भोलजीला त्यांच्या घरी गेले. चाचीने पाणी दिलं. मग ती म्हणाली, "तुमचं नाव नेहमी घेत व्हते. म्हनत, या डॉक्टरीनबाई सुन्न होयपर्यंत थांबतात."

मी मान खाली घातली. त्या सकाळीच, गर्दी होती म्हणून, एका म्हाताऱ्याला टाके घालताना मी एकदाच विचारलं होतं... आणि तो "नाई" म्हणाला होता.