अपेक्षेचा रकाना

आमच्या बुलढाण्याच्या वधूवर सूचक केंद्रात कॉम्प्युटर आला तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोर. अक्कल बेताची, ऐट मात्र मामलेदाराची. स्थळांचं सॉफ्टवेअर त्या एकाच मशीनमध्ये होतं आणि मशीन माझ्या टेबलावर. ज्याला सून किंवा जावई हवा त्यानं यावं, चहा प्यावा, बोलावं. टाइप मी करणार. स्क्रीन कुणाकडे किती वळवायची तेही मीच ठरवणार. याला मी गुप्तता म्हणत असे.

सूनबाईचं म्हणणं, "आई, आता वेबवरचं घ्या. पोरंपोरी घरूनच मोबाइलवर भरतीन."

"अन् नेट गेलं तं? लग्नं काय मांडवातच अडकून राह्यतीन?"

"अन् तुमचं मशीन बिघडलं तं?"

"मायं मशीन कायले बिघडते? रोज फडक्यानं पुसतो मी त्याले!"

शेवटी ठरलं, महिनाभर दोन्ही चालवू, मग एकच ठेवू.

त्याच महिन्यात दुसरबीडहून एक वडील आले. मुलगी गावातल्याच शाळेत शिकवायची. 'अपेक्षा' या रकान्यात काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "पुण्याचा बघा. सगळ्यांच्या पोरी तिकडंच चालल्या." आणि हा एवढा उसासा. उसाशाला माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. मी खूश, पुण्याची स्थळं माझ्याकडे पोत्यानं होती.

चार दिवसांनी सूनबाईनं मोबाइल पुढे धरला. त्याच मुलीनं घरून भरलं होतं: 'शाळा सोडणार नाही. गाव सोडणार नाही. इकडे यायची तयारी असेल त्यानं कळवावं. स्वतःचा चहा स्वतः करता यावा.'

"बाप्पा! हे अपेक्षा हाये का फर्मान?"

वडील पुन्हा आले तेव्हा त्यांनी दोन्ही वाचलं, एक माझ्या स्क्रीनवर, एक मोबाइलवर.

"बाई, मशीन कामून खोटं बोलतंय?"

"खोटं नाही बोलत थे. हे तुमचं, अन् हे तिचं."

त्यांनी अक्षरांवर बोट ठेवून परत वाचलं. मला वाटलं, आता कपबशी फुटते.

"म्हणजे पोरगी इथंच राहती म्हणती? अन् मी येडा, पुणं पुणं करत बसलो! तिकडं तिची आई पदर डोळ्याला लावून बसलीय!" हसता हसता त्यांनी बशीतला चहा धोतरावर सांडला. "पण मग पोरीनं सांगायचं ना मला!"

"तिले विचारलं कोणं?" सूनबाई म्हणाली आणि नेमकी माझ्याकडे पाहू लागली. मी लगबगीनं दुसऱ्या चहाचं आधण ठेवायला उठले.

महिना संपायची वाट कुणी पाहिली नाही. वेबवरचं राहिलं. वडनेर भोलजीच्या एका मुलानं त्या मुलीला उत्तर पाठवलं: 'चहा येतो. भाकरी शिकतोय.' लग्नात मी दोनदा जेवले.

मशीनवर आता क्रोशाचं झाकण आहे. त्यावर कपबशी छान बसते. स्थळं मी अजूनही बघते, सूनबाईच्या मोबाइलवर. आणि स्क्रीन माझ्याकडे किती वळवायची, हे ती ठरवते.